जिझियाची पावती आणि तीन कुलपांची पेटी

नमस्कार. एखादी पट्टी वाढली की पेपरात एक शब्द हमखास छापून येतो: जिझिया. आपल्याला तो औरंगजेबामुळे माहीत. १६७९ मध्ये त्याने बिगर-मुसलमानांवरचा हा डोईकर पुन्हा लावला तेव्हा दर होते वर्षाला ४८, २४ आणि १२ दिरहम. श्रीमंत, मध्यम आणि गरीब अशा तीन पायऱ्या. पण हे आकडे त्याच्या डोक्यातून आलेले नव्हते. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादचा काझी अबू यूसुफ याने खलिफा हारून अल-रशीदसाठी करांवर ग्रंथ लिहिला, त्यात हेच तीन दर आहेत.

मध्ययुगात मुसलमान राजे जास्त सहिष्णू की ख्रिस्ती, हा वाद फार रंगतो. त्यात न पडता आपण दोन वस्तू बघू. एक कैरोतली पावती, दुसरी इंग्लंडमधली लाकडी पेटी. दोन्हीकडे माणसं ज्यू आहेत, म्हणजे तुलना सोपी पडते.

आधी कैरो. इस्लामी कायद्यात ज्यू आणि ख्रिस्ती हे ‘धिम्मी’: सरकारचं संरक्षण मिळालेले, आणि त्याबदल्यात कर देणारे. बायका, मुलं, अंध, कफल्लक यांना माफी. शिवाय खलिफा उमरच्या नावाने चालणारा एक करारनामा होता. त्यातल्या अटी बघा: नवं प्रार्थनास्थळ बांधायचं नाही, जुनं पडलं तर दुरुस्त करायचं नाही, घोड्यावर खोगीर घालायचं नाही, तलवार बाळगायची नाही, कमरेला वेगळा पट्टा बांधायचा, मुसलमान आला की जागेवरून उठायचं.

हे झालं पुस्तकात. प्रत्यक्षात काय चालायचं ते फुस्तातच्या, म्हणजे जुन्या कैरोच्या, बेन एझ्रा सिनेगॉगमधल्या एका खोलीमुळे कळतं. ज्यात देवाचं नाव असेल असा कागद फेकायचा नाही म्हणून हे लोक जुने कागद तिथे टाकत गेले. तो ढीग १८९६-९७ मध्ये केंब्रिजला गेला. त्यात धर्मग्रंथांसोबत पत्रं आहेत, हिशेब आहेत, याद्या आहेत.

त्या पत्रांमधून गरिबाची माफी जवळजवळ नाहीशी झालेली दिसते. फातिमी काळात, म्हणजे इजिप्तवर फातिमी घराण्याचे खलिफा होते तेव्हा, अगदी खालच्या पायरीवरच्या माणसालाही वर्षाला दीड दिनाराहून थोडं जास्त भरावं लागे. साध्या कुटुंबाचा महिन्याचा खर्च धरा दोन दिनार. म्हणजे हातावर पोट असलेल्या माणसाची तीन आठवड्यांहून जास्त दिवसांची चूल एका हप्त्यात गेली. पैसे भरले की पावती मिळे, तिला म्हणत ‘बराआ’. ती खिशात नसेल तर परगावी जायची सोय नाही, वाटेत अडवलं तर तुरुंग. त्यामुळे वसुलीच्या दिवसांत लोक घराबाहेर पडत नसत, आणि समाजाचे पुढारी वर्गणी काढून गरिबांचा जिझिया भरत. दानाच्या पैशातला मोठा वाटा इथे जाई.

मात्र एक गोष्ट सुटायला नको. आकडा ठरलेला होता. पावती मिळाली की वर्षापुरता विषय संपला.

सुलतान किंवा खलिफा स्वतःच फिरला तर? तर कायदा आडवा येत नसे. फातिमी खलिफा अल-हाकिमने १००९ मध्ये जेरुसलेमचं पवित्र कबरीचं चर्च पाडायला लावलं, ख्रिस्त्यांच्या गळ्यात जड क्रूस अडकवले. बेन एझ्राही त्याच्याच काळात पडलं. पुढे त्यानेच धर्मांतर केलेल्यांना परत आपापल्या धर्मात जायची मुभा दिली आणि सिनेगॉग त्याच जागी पुन्हा उभं राहिलं, करारनाम्यातली दुरुस्तीबंदी बाजूला ठेवून! जमाव फिरला तरी तेच: स्पेनमध्ये १०६६ ला ग्रानाडाच्या मुसलमान राज्यात ज्यू वजीर आणि त्याच्याबरोबर तिथले बरेच ज्यू मारले गेले. पुढच्या शतकात मोरोक्कोहून स्पेनमध्ये आलेल्या अल्मोहाद राज्यकर्त्यांनी तर धिम्मीचा दर्जाच मोडीत काढला. प्रसिद्ध ज्यू तत्त्वज्ञ आणि वैद्य मायमोनिडीसचं कुटुंब त्यामुळेच कोर्दोबा सोडून निघालं आणि तो शेवटी कैरोला पोचला.

जाता जाता: डोईपट्टी फक्त मुसलमान राजेच घेत, हा समज खोटा आहे. सिसिलीच्या ख्रिस्ती नॉर्मन राजांनी तोच जिझिया उलटा करून मुसलमानांवर लावला. ११८४ मध्ये इब्न जुबैर हा मुसलमान प्रवासी पूर्वेकडच्या क्रुसेडरांच्या, म्हणजे धर्मयुद्धाला आलेल्या युरोपी ख्रिस्त्यांच्या, मुलखातून गेला. तिथले मुसलमान शेतकरी फ्रँकांना (म्हणजे याच क्रुसेडरांना) अर्धं पीक आणि माणशी एक दिनार पाच किरात (किरात म्हणजे दिनारचा चोविसावा भाग) देत, असं त्याने लिहून ठेवलंय.

आता इंग्लंड. इथे ज्यू आले ते १०६६ नंतर, फ्रान्समधल्या रूआं शहरातून, इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजाच्या पाठोपाठ. त्यांच्यासाठी करारनामा नव्हता; ते राजाची मालमत्ता होते. ख्रिस्त्याने ख्रिस्त्याकडून व्याज घेणं चर्चला अमान्य, म्हणून सावकारी यांच्याकडे. हेन्री तिसऱ्याच्या काळात व्याजाला मर्यादा होती पौंडाला आठवड्याला दोन पेनी. पौंडात २४० पेनी, म्हणजे वर्षाला ४३ टक्के! आणि हे पैसे राजा मनाला येईल तेव्हा काढून घ्यायचा. १२४१ मध्ये त्याने वुस्टरला ज्यू प्रतिनिधी बोलावले आणि आकडा सांगितला: २०,००० मार्क (एक मार्क म्हणजे दोन तृतीयांश पौंड). सगळ्या देशातले ज्यू मिळून काही हजार माणसं. मग सावकार कुळाच्या मानगुटीवर बसणार, आणि कुळ शिव्या देणार ज्यूला, राजाला नाही.

याचा स्फोट आधीच होऊन गेला होता. मार्च ११९० मध्ये यॉर्कच्या किल्ल्यात कोंडलेले सुमारे १५० ज्यू मेले, बरेचसे स्वतःच्या हातांनी. त्यानंतर जमाव थेट मोठ्या चर्चमध्ये गेला, तिथे ठेवलेले कर्जरोखे काढले आणि जाळले. दंगलीचा हेतू याहून स्पष्ट काय सांगायचा?

तेव्हाचा राजा रिचर्ड पहिला, त्याला धक्का बसला तो रोख्यांचा. ११९४ मध्ये त्याने ठरावीक शहरांत पेटी ठेवायला लावली. कर्जाचा मजकूर एकाच चामड्यावर दोनदा लिहायचा, मधून वेडंवाकडं कापायचं. ऋणकोची मोहोर असलेला अर्धा भाग सावकाराकडे, दुसरा पेटीत. दोन्ही कडा जुळल्या तर रोखा खरा. पेटीला तीन कुलपं. एक किल्ली ज्यूंकडे, एक ख्रिस्त्यांकडे, एक राजाच्या कारकुनाकडे. वाद कमी करायला छान पद्धत. पण आता कोणत्या ज्यूचं किती येणं आहे, हे राजाला घरबसल्या कळू लागलं, आणि कर त्या हिशेबाने बसू लागला.

१२७५ मध्ये एडवर्ड पहिल्याने व्याजच बंद केलं. सात वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूने छातीवर पिवळा बिल्ला लावायचा, सहा इंच लांब, तीन इंच रुंद. (बगदादच्या खलिफा मुतवक्किलने ८५० मध्ये धिम्मींना मधाच्या रंगाचे कपडे सक्तीचे केले होते, रंगसुद्धा जवळचाच.) शिवाय माणशी तीन पेनी वार्षिक कर. धंदा गेला, पैसे संपले, आणि राजाच्या लेखी या लोकांची किंमतही संपली. १८ जुलै १२९० ला फर्मान निघालं: १ नोव्हेंबरच्या आत देश सोडा. त्या बदल्यात पार्लमेंटने राजाला भरघोस कर मंजूर केला.

घरं राजाने घेतली. पेट्या सीलबंद करून वेस्टमिन्स्टरला नेल्या. कर्जं मात्र माफ झाली नाहीत. व्याज सोडून मुद्दल आता राजाच्या खात्यात भरायचं होतं.