शेंडेनक्षत्राला दोन शेपट्या का?

(पडद्यावर: हेल-बॉप, 1997. एक रुंद, पिवळसर, वळलेली शेपटी. शेजारी सरळ, निळी.)

मार्च-एप्रिल 1997. सूर्य मावळला की वायव्येला हेल-बॉप धूमकेतू, म्हणजे शेंडेनक्षत्र, नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. छायाचित्र नीट पाहा: शेपट्या दोन आहेत आणि दोघींच्या दिशा वेगळ्या.

आगगाडीच्या धुरासारखी शेपटी मागे राहते, असा समज आहे. पण आगगाडीचा धूर हवेमुळे मागे पडतो. अवकाशात हवा कुठली? सूर्यापासून परतीच्या वाटेवर तर शेपटी धूमकेतूच्या पुढे चालते. तिला दिशा देतो तो सूर्य, आणि तेही दोन वेगवेगळ्या मार्गांनी.

(केंद्रकाचे दृश्य.)

धूमकेतूच्या मुळाशी असतो बर्फ, गोठलेले वायू आणि धूळ यांचा गोळा. हेच केंद्रक. हॅले धूमकेतूचं केंद्रक सुमारे 15 किलोमीटर लांब. 1986 साली जोत्तो यान जवळून गेलं तेव्हा हे केंद्रक कोळशासारखं काळं दिसलं. पडलेल्या प्रकाशातला जेमतेम 4 टक्के ते परत पाठवतं. सूर्यापासून साधारण 45 कोटी किलोमीटरच्या आत आल्यावर पाण्याचा बर्फ जोरात उडू लागतो. मधे पाणी होतच नाही. कापूर उडतो तसा बर्फ थेट वाफ होतो. हेल-बॉप सूर्याजवळ असताना सेकंदाला सुमारे 300 टन पाणी असं उडत होतं. वाफेच्या झोतांबरोबर धूळही सुटते.

आधी धुळीचं पाहू. कणाला सूर्याचं गुरुत्व आत ओढतं, प्रकाशाचा दाब बाहेर ढकलतो. कणाचा व्यास निम्मा केला, तर वस्तुमान आठवा हिस्सा उरतं, पण उन्हासमोरचं क्षेत्रफळ चौथा हिस्सा. म्हणून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या कणावर प्रकाशाचा जोर चालतो, खड्यावर चालत नाही. (फारच बारीक कणांना हा हिशेब लागू पडत नाही, कारण प्रकाश त्यांना नीट धरू शकत नाही.) बाहेर ढकललेला कण मोठ्या कक्षेत जातो आणि केंद्रकाच्या मागे पडतो. शेपटीला बाक येतो तो यामुळे. पिवळसर रंग उन्हाचाच, धुळीवरून परतलेला.

(निळ्या शेपटीवर झूम.)

हिची गोष्ट वेगळी. सूर्याचे अतिनील किरण वायूच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात. उरतो विद्युतभारित आयन. कार्बन मोनॉक्साइडचा आयन निळा चमकतो. ही शेपटी इतक्या वेगाने मागे फेकली जाते, की नुसत्या प्रकाशाच्या दाबाने ते जमणारं नव्हतं. जर्मन खगोलशास्त्रज्ञ लुडविग बीरमान यांनी 1951 मध्ये यावरूनच ताडलं, की सूर्यातून कणांचा अखंड प्रवाह वाहत असला पाहिजे. 1962 मध्ये मरिनर-2 यानाने हा सौरवारा मोजला. त्याचा वेग सेकंदाला साधारण 400 किलोमीटर. वाऱ्यासोबत येणाऱ्या चुंबकीय रेषा धूमकेतूच्या डोक्यावर (केंद्रकाभोवतीच्या वायूच्या ढगावर) अडकून मागे लोंबतात आणि आयन त्यांच्याबरोबर ओढले जातात. धूमकेतू स्वतः पळत असल्यामुळे निळी शेपटी सूर्याच्या अगदी विरुद्ध न राहता काही अंशांनी कलते.

हा वारा बिघडला तर? एप्रिल 2007 मध्ये एन्के धूमकेतूवर सूर्यावरून सुटलेला प्लाझ्माचा (विद्युतभारित वायूचा) लोट आदळला. शेपटी तुटून वाहून गेली, मागोमाग नवी फुटली. स्टिरिओ यानाने ते टिपलं.

धूमकेतूचं डोकं पुष्कळदा हिरवं दिसतं, मग शेपटी हिरवी कधीच का नसते? डोक्याचा हिरवा रंग दोन अणूंच्या कार्बन रेणूचा. तो शेपटीपर्यंत पोचण्याआधीच उन्हाने तुटतो.

(पडद्यावर: त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू, ऑक्टोबर 2024. सूर्याच्या बाजूला टोकदार रेघ.)

आणि ही उलटी शेपटी? प्रकाशाला न जुमानणारे जड कण कक्षेच्या पातळीतच मागे पसरून राहतात. 14 ऑक्टोबरच्या सुमारास पृथ्वी त्या पातळीतून गेली, तेव्हा ती पातळ चादर कडेवरून दिसली. सूर्याकडे झेपावल्यासारखी वाटते, तो आपल्या जागेवरून दिसणारा भास.