फुलाचा पाऊस

श्रोतेहो, नमस्कार. कोडगूला, म्हणजे आपल्या तोंडी असलेल्या कूर्गला, फिरायला जाणारे पुष्कळ. हल्ली तिथे कॉफीची बाग घ्यायला निघालेलेही भेटतात. कर्नाटकाने २०२० साली जमीन सुधारणा कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली. आपल्याकडे तसं नाही, म्हणून तिकडे ओढा आहे.

माझं सांगणं एकच. आधी तिथला पाऊस बघा, पैसे नंतर. पुन्हा सांगतो, पाऊस आधी, पैसे नंतर.

माझा मावसभाऊ निवृत्त झाला, तेव्हा मार्चमध्ये आम्ही दोघं गेलो. कोडगूत रेल्वे नाही. म्हैसूरला उतरून बस धरायची. रेल्वे नसावीच तिथे, असं माझं ठाम मत आहे. रूळ आले की आधी रान जातं. तर विराजपेटच्या पुढे, ब्रह्मगिरीच्या जंगलाला लागून आठ एकर रोबस्टा जातीच्या कॉफीची बाग दलालाने दाखवली. वर फणस आणि रानझाडांची सावली, खोडांवर मिरीचे वेल, खाली हिरवीगार कॉफी. भाऊ तिथेच विरघळला. दलाल म्हणाला, संध्याकाळपर्यंत बयाणा द्या.

प्यायला पाणी मागायला शेजारच्या मळ्यात गेलो. सत्तरीच्या एक बाई होत्या. ओळखदेख नसताना ओसरीवर बसवलं, कॉफी दिली. भावाने बागेचं कौतुक सुरू केलं, तर त्यांनी विचारलं, “फुलाचा पाऊस किती झाला, विचारलंत?” आम्ही गप्प. त्या आत गेल्या आणि एक जाडजूड वही घेऊन आल्या. अंगणातल्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद, चाळीस वर्षांची! इंच आणि सेंट. सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग.

त्यांनी पानं उलटत दाखवलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये इंचभर सर आली की आठवडाभरात रोबस्टा फुलते, सगळा उतार पांढरा होतो, मोगऱ्यासारखा वास सुटतो. मग दोन-तीन आठवड्यांनी दुसरी सर हवी, तर फळ धरतं. काही वर्षांचे ते रकाने कोरे होते. “त्या वर्षी तळ्यातलं पाणी तुषारांनी दिलं, म्हणून बाग तगली. तुमच्या बागेतलं तळं बघितलंत?” बघितलं होतं. तळाला चिखल होता.

मग त्यांनी ऑगस्टची पानं काढली. २०१८ला मडिकेरीकडे डोंगर खचले, २०१९ला विराजपेटकडे. त्या पानांवर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत. भावाने चेकबुक पिशवीत ठेवलं. मी ती ओसरी अजून विसरलेलो नाही.

बाकीचं भराभर सांगतो. आपला सातबारा, तशी तिथली ‘पहाणी’. ती वकिलाकडून वाचून घ्या. जमीन ‘बाणे’, म्हणजे पूर्वी भातशेतीला जोडून दिलेली रानजमीन असेल, तर झाडांची किंमत सरकारात भरली आहे का ते विचारा. भरली नसेल, तर लाकडावर मालकाचा हक्क नसतो. फणस पिकले की हत्ती बागेत येतात. तोडणीला मजूर कुठून येतात तेही विचारा. आणि रानझाडं काढून सगळीकडे सिल्व्हर ओक लावलेली बाग मला पटत नाही. लाकूड सरळ मिळतं, पण पाखरांना एक फळ नाही!

भाऊ पुढच्या जुलैत परत गेला, पंधरा दिवस भिजत राहिला. नंतर दोन वर्षांनी त्याने पाच एकर घेतली, भरल्या तळ्याची. पहिली खरेदी पर्जन्यमापकाची. यंदा मार्चमध्ये पहाटे त्याचा फोन आला, “एक इंच दहा सेंट!” आणि मागे पागोळ्यांचा आवाज येत होता.

मिरीविषयी बोलायचं राहिलं, वेळ संपली. नमस्कार.