पांढऱ्या साडीपासून जोडव्यांपर्यंत: भुताच्या सिनेमातली बाई कशी बदलली

(खरी कॉर्नर, कॅमेरा स्तंभ. दिवेलागणीची वेळ. निवेदिका थेट कॅमेऱ्याकडे बघून.)

नमस्कार मंडळी. माझ्या मागं दिसतोय तो खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी 1917 साली आपल्या कोल्हापुरात सुरू झाली, तिची ही खूण. भुताच्या सिनेमावर बोलायला इथं का आलो, ते सांगते.

1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते साळुंके. पुरुष. कारण सिनेमात काम करायला बाई मिळालीच नाही. 1920 मध्ये पेंटरांच्या 'सैरंध्री'त बायकांच्या भूमिकेत बायकाच उभ्या राहिल्या, त्या इथं, या गावात. त्याच सिनेमातला कीचकवध इतका अंगावर आला की सेन्सॉरनं तो कापायला लावला.

आता त्या प्रसंगाची मांडणी बघा. छळ सैरंध्रीचा होतो, भीती तिची असते, आणि हिशेब चुकता करतो भीम. आपले भयपट पुढं शंभर वर्षं याच गाठीभोवती फिरले. घाबरतं कोण, घाबरवतं कोण, आणि हिशेब कोण चुकता करतं? आमच्या मते बाईच्या हातात कोयता आला, हा त्यातला छोटा बदल आहे. मोठा बदल कॅमेऱ्याच्या जागेत झालाय. तो कुणाच्या डोळ्यांच्या उंचीवर उभा आहे, ते बघायला शिकलं की सगळा इतिहास उलगडतो.

(स्क्रीनवर शब्द एकेक करून: हडळ, अळवंतीण, जखीण, मुंजा, समंध)

सिनेमाच्या आधी आपल्या भुतांची नावं बघूया, कारण पटकथा तिथूनच येते. बाळंतपणात गेली ती अळवंतीण. बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत गेली ती हडळ. नवरा जिवंत असताना गेली ती जखीण. आता पुरुष घ्या. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा. इस्टेटीत जीव अडकला तो समंध. पुरुषाच्या भुताला संस्कार आहे, मालमत्ता आहे. बाईचं भूत कुठलं, हे मात्र तिच्या कुशीवरून आणि कुंकवावरून ठरतं. हे डोक्यात ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहे.

(स्टुडिओ. टेबलावर दिवा, पांढरं सुती पातळ, मोबाईल ट्रायपॉडवर.)

हिंदी सिनेमातली पहिली ठसठशीत भूतबाई 1949 च्या 'महल'मधली. मधुबाला. झोपाळा, रिकामी हवेली, आणि लतादीदींचा 'आएगा आनेवाला'. शेवटी कळतं की ती भूत नाहीच, माळ्याची मुलगी आहे. 1964 च्या 'वो कौन थी?'मध्येही तेच. पावसाळी रात्र, डॉक्टरची गाडी, रस्त्यात पांढऱ्या साडीतली साधना. वायपर बंद पडतात, त्याला रस्ता दिसत नाही, तिला दिसतो. पुढं उलगडतं की हे इस्टेटीसाठी रचलेलं कारस्थान आहे. म्हणजे त्या काळात बऱ्याचदा बाई भूत असल्याचं फक्त भासवलं जायचं, आणि बहुतेक वेळा त्या भासाची दोरी एखाद्या पुरुषाच्या हातात असायची. तिची स्वतःची भीती, स्वतःची इच्छा कॅमेरा विचारायचाच नाही. तो नायकाच्या खांद्यावरून तिच्याकडं बघत राहायचा.

मग ती साडी पांढरीच का? विधवेचा रंग, हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. दुसरं कारण तांत्रिक. कृष्णधवल फिल्मवर रात्रीच्या दृश्यात गडद रंगाची साडी अंधारात विरघळून जाते. पांढऱ्या कापडावर मागून दिवा टाकला की कापडाच्या कडा उजळतात आणि बाई जमिनीपासून सुटल्यासारखी दिसते.

(निवेदिका पातळ दोरीवर टाकते, मागचा दिवा लावते.)

घरी करून बघा. दिवा कापडाच्या मागं साधारण सहा फुटांवर, डोक्यापेक्षा वर ठेवायचा. समोरून उजेड अजिबात नको. मध्ये धुपाचा धूर सोडायचा आणि तो पसरायला अर्धा मिनिट द्यायचा. सेकंदाला 48 फ्रेमनं चित्रीकरण करून 24 नं दाखवलं की चाल निम्म्या वेगानं दिसते, पदर पाण्यात असल्यासारखा हलतो. नवखी मुलं इथं एक चूक हमखास करतात. मोबाईल आपोआप अंधार उजळवतो, त्यामुळं काळोख राखाडी आणि दाणेदार होतो आणि साडीचे बारकावे जाऊन नुसता पांढरा डाग उरतो. म्हणून आधी स्क्रीनवर दिसणाऱ्या साडीवर बोट दाबून उजेडाचं माप कुलूपबंद (एक्स्पोजर लॉक) करायचं, मग उजेड सरकपट्टीनं आणखी थोडा खाली आणायचा. अंधार अंधारच राहू द्या.

(पुन्हा थेट कॅमेऱ्याकडे.)

रंगीत सिनेमा आला आणि रामसे बंधूंचा काळ सुरू झाला. 1984 चा 'पुराना मंदिर' आठवा. त्यातला शाप काय आहे? राजघराण्यातली प्रत्येक लेक बाळंतपणात मरणार. बघा, अळवंतीण परत आली! 1988 च्या 'वीराना'त चेटकिणीनं झपाटलेली देखणी तरुणी पुरुषांना भुलवून मारते. या सिनेमांत कॅमेरा बाईच्या अंगावर रेंगाळतो आणि पुढच्या मिनिटाला त्याच अंगाची शिसारी आणतो. आधी बघायचं, मग बघितल्याबद्दल तिलाच शिक्षा करायची. लाल-निळे दिवे, धूर, दारांची करकर, या कारागिरीबद्दल आम्हाला आदर आहे. पण बाईच्या बाबतीत हा काळ निर्दय होता, हे स्पष्ट म्हणायला हवं.

वळण आलं ते साध्या घरात. रामगोपाल वर्मांचा 1992 चा 'रात', त्यात रेवती ही चारचौघींसारखी कॉलेजातली मुलगी. मग 2003 चा 'भूत': मुंबईतल्या उंच इमारतीतला फ्लॅट, चित्रपटात एकही गाणं नाही, आणि ऊर्मिला मातोंडकर. गाणं नाही, हे महत्त्वाचं. गाण्यात बाई सजते आणि आपण तिच्याकडं बघतो. गाणं काढलं की लिफ्टचा आवाज उरतो, आणि तो तिच्या कानांनी ऐकावा लागतो. झपाटलेली बाई भेसूर दिसण्यापेक्षा थकलेली दिसते, हे तिथं पहिल्यांदा एवढं जवळून पाहायला मिळालं.

अमेरिकेत बदल वेगळ्या जागी झाला. तिथल्या खुनी-पाठलाग सिनेमांत शेवटपर्यंत तग धरणारी एक मुलगी असते. कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी 1987 मध्ये तिच्यावर लिहिलं आणि तिला 'फायनल गर्ल' असं नाव दिलं. तिकडं जगणारी मुलगी बदलली. आपल्याकडं मेलेली बदलली. आपल्या भयपटाची नायिका बऱ्याचदा भूतच असते, आणि हे आपल्या मातीतलं आहे.

(उसाचा फड. निवेदिका सरीत उभी. दोन्ही बाजूंना डोक्यावरून ऊस.)

आता मराठीकडं येऊ. 2017 चा 'लपाछपी', दिग्दर्शक विशाल फुरिया. गरोदर नेहा म्हणजे पूजा सावंत, तुळसाबाई म्हणजे उषा नाईक, आणि भोवती ऊस. याच गोष्टीवर फुरियांनी 2021 मध्ये हिंदी 'छोरी' केला. शेवट सांगत नाही, पण पहिल्या तासात आपण भलत्याच बाईला घाबरत असतो. मेलेल्या बाईची भीती घालून सिनेमा हळूहळू आपलं तोंड जिवंत माणसांकडं वळवतो. कुशीत मुलगी असेल तर काय, हा प्रश्न त्या घराच्या भिंतीत आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हा सिनेमा लांबचा वाटायला नको. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 839 मुली होत्या. ऊस, साखर, दूध, पैसा सगळं होतं. मुली नव्हत्या. म्हणून आम्ही हा भाग फडात उभं राहून करतोय.

उसाचं भय कशात आहे ते दाखवते. उभा ऊस दहा-बारा फूट. मी पाच फूट तीन इंच. क्षितिज नाही, दिशा कळत नाही, आभाळाची फक्त एक पट्टी दिसते. हवेली तरी एका जागी उभी असते, फड चहूबाजूंनी सारखाच. इथं कॅमेरा वर चढवला, ड्रोन उडवला, की प्रेक्षकाला वाट दिसते आणि भीती संपते. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला की तिला दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही. मघाशी म्हटलं ती कॅमेऱ्याची जागा, ती हीच.

ज्यांना शॉर्टफिल्म करायची आहे त्यांच्यासाठी: सप्टेंबर-ऑक्टोबरात या, ऊस पूर्ण वाढलेला असतो आणि तोडी सुरू झालेल्या नसतात. मालकाला विचारूनच आत शिरा, लांब बाह्या घाला, पाल्याची कड करवतीसारखी कापते, आणि पायात बूट हवेतच. संवाद इथं ध्वनिमुद्रित करायच्या भानगडीत पडू नका. वाऱ्याची झुळूक आली तरी पाला सळसळतो आणि शब्द बुडतात. सळसळ वेगळी दोन-तीन मिनिटं टिपून घ्या, संवाद नंतर खोलीत करा. आणि बाई पळताना कॅमेरा तिच्या पाठीमागं लावू नका. मागून पळणारा कॅमेरा शिकाऱ्याचा असतो. तिच्या शेजारच्या सरीतून पळवा, मध्ये ऊस आडवा येत राहू दे.

(स्टुडिओ.)

2018 चा 'स्त्री' सगळ्यांनी बघितलाय, म्हणून थोडक्यात. चंदेरी गावात रात्री पुरुष घरात कोंडून घेतात आणि भिंतीवर 'ओ स्त्री कल आना' लिहितात. मूळ समजूत कर्नाटकातली, दारावर 'नाळे बा' लिहायची, म्हणजे उद्या ये. सीमेपलीकडचे पाहुणे असलेल्या कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. रात्री एकटं फिरू नको, हा बायकांना रोज मिळणारा सल्ला त्यात पुरुषांना मिळतो. एवढ्या एका उलटापालटीवर अख्खा सिनेमा उभा आहे, आणि ती लोकांच्या घरापर्यंत पोचली.

पण आम्ही थांबणार आहोत 2020 च्या 'बुलबुल'पाशी. दिग्दर्शक अन्विता दत्त, जुन्या बंगालमधली जमीनदाराची हवेली, तृप्ती डिमरी. सुरुवातीलाच छोट्या मुलीच्या लग्नाची तयारी चाललीय आणि तिच्या पायात जोडवी घालतात. ती विचारते, कशाला? थोरली बाई समजावते की तिथं एक शीर असते, ती दाबली नाही तर मुली उडून जातात. पुढं तिचा नवरा त्याच पायांवर लोखंडी सळईनं मारतो. आणि मग आपल्याला दिसतात चुडेलीचे उलटे पाय.

पिढ्यान् पिढ्या आजीनं सांगितलंय, हडळीचे पाय उलटे असतात. ते उलटे का, हे कुणी विचारलं नव्हतं. या सिनेमानं उत्तर दिलं: कुणीतरी मोडले म्हणून. जोडवी, सळई, पाय, अशा एकाच अवयवाच्या तीन दृश्यांत अख्खी लोकसमजूत फिरवली. मागच्या काही वर्षांतलं भयपटातलं सगळ्यात अचूक काम आम्हाला हे वाटतं.

याच सिनेमाबद्दल तक्रारही आहे. त्यातला बलात्काराचा प्रसंग लांब आहे, आणि देखण्या लाल प्रकाशात माखलेल्या सिनेमात तो आहे. त्याची गरज होती का? नव्या भयपटांची खोड इथंच आहे. बाईला ताकद मिळण्याआधी तिच्यावर अत्याचार झाल्याचं सविस्तर दाखवावंच लागतं, जणू तो दाखला जोडल्याशिवाय तिचा राग मंजूर होत नाही. मुंज्याला असा दाखला कुणी मागत नाही. तो हट्टी आहे, एवढं पुरतं. आणि बाईच्या त्या आठवणीत कॅमेरा पुन्हा जुन्याच जागी, तिच्या अंगावर जाऊन बसतो. दिग्दर्शनात बाई असो वा पुरुष, ही चूक दोघांकडून होते.

(कागद-पेन घेऊन.)

पुढच्या वेळी भयपट बघताना एक करा. कागदावर दोन रकाने आखा: 'तिच्याकडं' आणि 'तिच्याकडून'. भीतीचा प्रत्येक प्रसंग आला की कॅमेरा तिच्याकडं बघतोय की तिच्या नजरेतून बघतोय, ते बघून योग्य रकान्यात रेघ मारा. एकाच प्रसंगात दोन्ही असेल तर जे जास्त वेळ चाललं ते धरा. खाली दोन गोष्टी लिहा. भुताला स्वतःचं नाव आहे का, आणि मरण्याआधी तिला काय हवं होतं हे एका वाक्यात तरी कळतं का? नवरा, मूल आणि सूड सोडून.

हा कागद रामसेंचा एक सिनेमा आणि 'लपाछपी' अशा दोन सिनेमांसाठी भरा. एकाच आठवड्यात बघा, म्हणजे पहिला डोळ्यांसमोर ताजा असतो. दोन्ही कागदांचे फोटो आम्हाला पाठवा. पुढच्या भागात तुमचेच कागद समोर ठेवून बोलू, आणि त्यात फक्त मराठी भुतं असतील.

(दिवा बंद. दोरीवरचं पातळ अंधारात दिसेनासं होतं.)