मापो टोफू: खिमा काढल्यावर काय उरतं?

मंडळी, मापो टोफू म्हणजे थोडा खिमा घालून केलेला तिखट चिनी टोफू, सोयाबीनच्या दुधाच्या पनीरचा. तो शाकाहारी करायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो: खिम्याच्या जागी काय घालायचं? मी आधी दुसरंच विचारतो. तिथे खिमा करतो काय? चार माणसांच्या टोफूत तो असतो जेमतेम शंभर ग्रॅम. पदार्थ टोफूचा आहे. आपल्याकडे टोफू म्हणजे मांसाऐवजी खायची पथ्याची वस्तू अशी समजूत झाली आहे. चीनमध्ये तसं नाही. तिथे टोफू आणि मांस एकाच कढईत सुखाने नांदतात.

हा पदार्थ चेंगडूचा, म्हणजे सिचुआन प्रांताच्या राजधानीचा. चिंग राजवटीत, १८६२ च्या सुमारास, शहरातल्या वानफू पुलाजवळ चेन कुटुंबाची खानावळ होती, असं सांगतात. चालवणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, त्यावरूनच पदार्थाला ‘मापो’, म्हणजे व्रणांची आजी, हे नाव पडलं. गिऱ्हाईक कोण, तर तेलाची ओझी वाहणारे हमाल. दिवसभर ओझं वाहिलेल्या माणसाला भाताबरोबर काय हवं? तिखट, गरम, तेलाचा तवंग असलेलं, आणि स्वस्त. मांस त्यात चवीपुरतंच.

चेंगडूतले खवय्ये या टोफूची परीक्षा घेतात ती जिभेला येणाऱ्या मुंग्या, तिखटपणा, चटका बसेल इतकी ऊब, मऊपणा, खमंगपणा आणि कुरकुरीतपणा यांवर. खिम्याचं काम यातलं शेवटचं. तो तेलात पार कोरडा होईपर्यंत परततात. शिवाय थोडी मांसल रुची तो देतो. एवढी दोनच कामं दुसऱ्या कुणी केली, की झालं.

ती शिताके अळंबी करते. सुकी सहा-सात अळंबी गार पाण्यात काही तास भिजत घाला, घट्ट पिळा, देठ काढा आणि ज्वारीच्या दाण्याएवढी बारीक चिरा. भिजवलेलं पाणी फेकू नका, तोच आपला रस्सा. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदांनी कोंबू या समुद्री वनस्पतीतून ग्लुटामेट, म्हणजे मांसल रुची देणारं द्रव्य, वेगळं काढलं. सुक्या शिताकेत ग्वानिलेट हे तसंच दुसरं द्रव्य असतं, आणि आंबवलेल्या डाळींत ग्लुटामेट भरपूर. हे दोन्ही एकत्र आले की रुचीची नुसती बेरीज होत नाही, ती कितीतरी पटींनी वाढते. सोया चुरा मात्र घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सोयाबीनच्या टोफूवर पुन्हा सोयाबीनच! आणि पनीर? छान लागेल, पण मग त्याला दुसरं नाव द्या.

खरी जान आहे दोबानजियांग या आंबवलेल्या तिखट वाटणात. चेंगडूजवळच्या पीशियन भागात बाकल्याच्या डाळी, लाल मिरच्या, मीठ आणि गव्हाचं पीठ मोठ्या रांजणांत मुरवतात, चांगलं असेल तर वर्षभराहून जास्त. त्याला पर्याय नाही. गाडीवर ‘शेजवान’ म्हणून जे मिळतं, त्याचा सिचुआनशी संबंध नावापुरता. मला ते आवडतं, पण इथे त्याचं काम नाही.

आता कृती. मऊ टोफू चारशे ग्रॅम, त्याचे पाऊण इंचाचे तुकडे. मिठाच्या, नुसत्या हुळहुळणाऱ्या पाण्यात पाचेक मिनिटं ठेवा. खळाखळा उकळलंत तर तुकडे फुटतील. अशाने कच्चा वास जातो, तुकडे आतपर्यंत गरम होतात आणि जरा दमही धरतात. कढईत तीन-चार मोठे चमचे तेल घ्या. हात आखडलात तर हा पदार्थ रुसतो. तिथे राईच्याच कुळातल्या बियांचं तेल वापरतात. अळंबी त्यात तांबूस, कोरडी होऊन तडतडू लागली की बाजूला काढा. मग आच मंद करून दोन चमचे दोबानजियांग, सुरीने बारीक केलेलं. इथे घाई नको. आधी तेल फिकट दिसतं, मग कडेने नारिंगी होतं, आणि मिनिटभरात सगळं लालभडक. तो रंग आला की आलं, लसूण, चमचाभर आंबवलेलं काळं सोयाबीन आणि चिमूटभर तिखट. रंगासाठी बेडगी चालेल. मग अळंबीचं पाणी आणि टोफू. झारा उलटा धरून त्याच्या पाठीने टोफू पुढे ढकला, ढवळू नका. मीठ चाखल्याशिवाय घालायचं नाही, दोबानजियांग खारट असतं.

कॉर्नफ्लोअरचं पाणी एकदम ओतू नका. दोन-तीन वेळा, थोडं थोडं. टोफू पाणी सोडतो, त्यामुळे एकदाच घातलेला दाटपणा टिकत नाही. शेवटी अळंबी परत घाला आणि वर सिचुआन मिरी.

या मिरीचं मात्र आपल्याशी खरं नातं आहे. कोकणात, गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ तिच्याच वंशातलं. दोन्हींत काळं बी टाकायचं, साल वापरायची. २०१३ साली लंडनच्या संशोधकांनी मोजलं, की सिचुआन मिरी ओठांवर लावल्यावर जाणवणारी थरथर सेकंदाला पन्नास कंपनांच्या आसपास असते. तिरफळाचा वास अधिक उग्र, म्हणून घालायचंच झालं तर निम्मं घाला. कोरडं भाजून, ताजं कुटून, आच बंद केल्यावर.

आता समोरून चिठ्ठी आली आहे, लसूण न खाणाऱ्यांनी काय करावं? चिनी बौद्ध मठांतही कांदा-लसूण वर्ज्य असतो. चेंगडूच्या वनशू मठात शाकाहारी भोजनगृह आहे. लसूण नसला तर आलं दुप्पट करा आणि काळं सोयाबीन थोडं वाढवा. अळंबीही चालत नसेल, तर शेंगदाणे जाडसर कुटून तेलात खमंग करा. रुची जरा कमी भरेल, कुरकुरीतपणा मिळेल. भात मात्र पांढरा, साधाच, आणि टोफू उतरायच्या आधी ताटात वाढलेला हवा.