सचिवांची पाच प्रश्नांची युक्ती

नमस्कार श्रोतेहो.

मंत्री आणि सचिव यांच्या रस्सीखेचीवर टीव्हीला हसायला शिकवलं ते ‘येस मिनिस्टर’नं. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी लिहिलेली ही ब्रिटिश मालिका २५ फेब्रुवारी १९८० ला बीबीसी टू वर सुरू झाली. पहिला भाग १९७९ सालीच चित्रित झाला होता, पण निवडणूक तोंडावर आली म्हणून तो थांबवून ठेवला. पुढे मंत्री पंतप्रधान झाला आणि १९८८ पर्यंत सगळे मिळून ३८ भाग झाले.

पात्रं मुख्यतः तीनच. मंत्री जिम हॅकर, सचिव सर हंफ्री आणि मंत्र्यांचा खाजगी सचिव बर्नार्ड. मंत्र्याला मतं हवीत, सचिवाला खातं जसंच्या तसं हवं. बर्नार्डची पंचाईत अशी, की दिवसभर हुकूम मंत्र्याचे, पण बढती सचिवाच्या हाती. त्यामुळे बातमी दोन्हीकडे पोहोचते.

लोक सर हंफ्रींची लांबलचक वाक्यं आठवतात. मला विचाराल तर १९८६ मधला जनमत चाचणीचा प्रसंग त्यांहून सरस. सक्तीच्या लष्करी सेवेला लोकांचा पाठिंबा असल्याची चाचणी आता पंतप्रधान झालेल्या हॅकरच्या हाती आलेली असते. हंफ्री बर्नार्डला विचारतात: तरुणांच्या बेकारीची काळजी वाटते? गुन्हेगारीची? शाळांतल्या बेशिस्तीची? तरुणांना थोडं वळण लावणारं कुणी हवं ना? बर्नार्ड प्रत्येकाला हो म्हणतो, मग सक्तीच्या सेवेलाही हो म्हणतो. लगेच दुसरी फैर: युद्धाची भीती वाटते? शस्त्रस्पर्धेची? पोरांच्या हाती बंदुका देऊन मारायला शिकवणं धोक्याचं नाही का? तोच बर्नार्ड त्याच सेवेला विरोध करून मोकळा! शेवटचा प्रश्न सोडून बाकीचे छापायचे नाहीत, की झाली चाचणी.

दुसरी युक्ती कौतुकाची. मंत्र्याचा निर्णय ‘वादग्रस्त’ म्हटला तर थोडी मतं जाणार. ‘धाडसी’ म्हटला, तर निवडणूकच जाणार. मंत्री लगेच फाइल मिटवतो.

२००१ मध्ये स्टार प्लसवर या मालिकेचा हिंदी अवतार आला, ‘जी मंत्रीजी’. फारुख शेख मंत्री, जयंत कृपलानी सचिव. दोघेही उत्तम. पण तिकडची गंमत उभी आहे ती सचिव जागचा हलत नाही यावर; खातेबदल होतो तो मंत्र्याचा. आपल्याकडे सचिवाच्या डोक्यावर बदलीची तलवार असते. ती एकदा उपसली की हंफ्री कितीही हुशार असोत, दुसऱ्या दिवशी भलत्याच कार्यालयात. रूपांतर करणाऱ्यानं संवाद बदलून भागत नाही, आधी हा तराजूच नव्यानं तोलावा लागतो.

महाराष्ट्रानं तर बदल्या आणि दिरंगाई यांना एकाच कायद्यात बसवलं, २००५ च्या. पदावरचा सामान्य कालावधी ३ वर्षं, आणि सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती, म्हणजे फाइल, एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. हे कलम सर हंफ्रींसमोर ठेवलं असतं, तर त्यांनी सातवर नव्हे, ‘सर्वसाधारणपणे’वर बोट ठेवलं असतं.