बाळसं कशाला म्हणायचं?

माझ्याकडे तान्हं बाळ घेऊन येणाऱ्या आईचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: "डॉक्टर, बाळ बाळसंच धरत नाही." तीस वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे. आई बोलली नाही तर मागे उभी असलेली आजी बोलते. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं: "जाऊबाईंचं बाळ याच्याच वयाचं, पण बघा कसं गुबगुबीत आहे."

बाळसं हा फार गोड शब्द आहे. पण आपण ते डोळ्यांनी मोजतो. गाल बघतो, मनगटाच्या वळ्या बघतो, मांड्या बघतो. आणि डोळे फसवतात. काही बाळं जन्मतःच अंगानं मोठी असतात, काही बारकी. म्हणून मी आज तुम्हाला बाळसं कागदावर बघायला शिकवणार आहे. तुमच्या प्रत्येकीच्या घरी माता-बाल संरक्षण कार्ड आहे. लसीची तारीख बघण्यापुरतंच ते कपाटातून बाहेर निघतं. त्याच कार्डात वजनाचा आलेख आहे, मुलींचा वेगळा, मुलांचा वेगळा. त्यावरच्या वाकड्या रेषा कुणी मनानं काढलेल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं सहा देशांतल्या साडेआठ हजारांच्या आसपास निरोगी मुलांची मोजमापं घेतली आणि 2006 साली हे आलेख जाहीर केले. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका, आणि सहावा देश आपला. आपल्याकडची मुलं दक्षिण दिल्लीतली होती. ही सगळी अंगावर पिणारी बाळं. त्यातून दिसलं असं की, आईचं दूध, स्वच्छता आणि वेळेवर उपचार मिळाले तर पहिल्या वर्षांत ऑस्लोचं बाळ आणि दिल्लीचं बाळ सारख्याच गतीनं वाढतं. "आपली मुलं बारीकच असायची" असं मला कुणी म्हणालं की मी हेच सांगते.

आता आलेख वाचायचा कसा? मधली रेष सांगते. मुलगी जन्मताना साधारण 3.2 किलो, तीन महिन्यांची झाली की 5.8, सहा महिन्यांची 7.3. मुलगा 3.3, मग 6.4, मग 7.9. हे आकडे ऐकून आपलं बाळ मनातल्या मनात तोलायला लागू नका. ही मधली रेष आहे, निम्मी निरोगी बाळं तिच्या खालीच असतात. अडीच किलोनं जन्मलेली मुलगी सहाव्या महिन्यात सव्वासहा किलोची असेल आणि दर महिन्याचा ठिपका वर चढत असेल, तर तिनं उत्तम बाळसं धरलंय. उलट साडेतीन किलोचं जन्मलेलं, गालांनी अजून भरलेलं दिसणारं बाळ दोन महिने आडव्या रेषेत चाललं असेल, तर मला त्याची काळजी वाटते, घरच्यांना वाटत नसली तरी. एका ठिपक्यावरून काही कळत नाही. तीन-चार ठिपके जोडले की बाळाची स्वतःची रेष तयार होते. ती बघा. जाऊबाईंच्या बाळाची रेष त्यांच्या कार्डावर आहे.

पहिला आठवडा मात्र या सगळ्याला अपवाद आहे, आणि तिथंच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे मी जरा थांबणार आहे. जन्मल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन कमी होतं. होणारच. अंगातलं जास्तीचं पाणी निघून जातं, काळी शी पडून जाते, आणि आईला अजून चीकच येत असतो, जो थेंबांनी मोजावा इतका थोडा असतो.

एक बाई मला कायम आठवतात. पहिलटकरीण, माहेरी आलेली. बाळ जन्मताना बरोबर तीन किलो. चौथ्या दिवशी 2 किलो 780 ग्रॅम. कुणीतरी तिच्यासमोर नुसता काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचला आणि पुढे एक शब्द सांगितला नाही. ती माझ्यासमोर आली तेव्हा पदरात तोंड खुपसून रडत होती, आणि तिच्या आईच्या पिशवीत पावडरचा नवाकोरा डबा होता. मी कागद घेतला. तीन हजारातून दोनशे वीस गेले, म्हणजे शंभराला सातच्या आसपास. शंभराला दहापर्यंत आपण वाट बघतो, त्याच्या वर गेलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांनी बाळ तपासायला हवं. मग बाळाला तिच्याजवळ दिलं. बाळ नुसतं बोंडाशी लागलेलं होतं, भोवतीचा काळा भाग तोंडात नव्हता. दोन उशा घेतल्या, बाळाचं पोट तिच्या पोटाला लागेल असं त्याला वळवलं, तोंड मोठं उघडेपर्यंत वाट पाहिली आणि मग जवळ ओढलं. थोड्याच वेळात गिळल्याचा आवाज यायला लागला. "कुक" असा अगदी बारीक आवाज असतो तो. तो आवाज ऐकला आणि आजीनंच डब्याची पिशवी खुर्चीखाली सरकवली. बाराव्या दिवशी बाळ 3 किलो 40 ग्रॅम होतं.

बहुतेक बाळं दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत गाठतात. तिथून पुढे पहिले तीन महिने दिवसाला वीस-तीस ग्रॅम वाढ होते. पाचव्या महिन्याच्या सुमारास वजन दुप्पट होतं.

दूध पुरतंय की नाही याची खरी साक्ष लंगोट देतो. पहिला आठवडा सरत आला की चोवीस तासांत सहा-सात वेळा लघवी होत असेल आणि वजन चढत असेल, तर दूध पुरतंय. बाळ रडतंय म्हणजे दूध कमी आहे असं नाही. सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाचं रडणं सगळ्यात जास्त असतं, विशेषतः संध्याकाळी, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते आपोआप उतरतं. नेमक्या याच आठवड्यांत घराघरांत वरचं दूध सुरू होतं. मग बाळ आईला कमी चोखतं, कमी चोखलं की दूध कमी तयार होतं, आणि खोटी भीती आठ दिवसांत खरी होऊन बसते. वरच्या दुधाची पहिली बाटली किती सहज येते आणि किती मोठं नुकसान करते, हे बघून मला आजही वाईट वाटतं.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध. पाणी नको, भर उन्हाळ्यातही नको, कारण त्या दुधात बहुतेक पाणीच असतं. मध तर वर्षाच्या आत एक बोटसुद्धा नको. त्यातल्या एका जंतूच्या विषानं तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. बाळगुटीबद्दल आज्या नाराज होतील, तरी सांगते. सहाणेवर जायफळाचा एखादा वेढा जास्त पडला तर बाळ गुंगतं, आणि आपण म्हणतो, "बघा, शांत झोपलं." ती झोप चांगली नाही. व्हिटॅमिन डीचे थेंब मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज द्या.

आज्यांचं एक काम मात्र मला अतिशय मोलाचं वाटतं, आणि ते आजकाल कमी होत चाललंय. न्हाऊ घालणाऱ्या मावशींना नीट बघा. पाटावर बसतात, पाय लांब करतात, आणि नडगीवर बाळाला पालथं घेतात. कोमट तेलाचा हात मानेपासून पाठीवरून खाली येतो. आणि महिन्या-दीड महिन्याचं ते बाळ क्षणभर डोकं उचलतं, डुगडुगतं, परत टेकवतं. आज आम्ही डॉक्टर आयांना सांगतो की, बाळ जागं असताना रोज थोडा वेळ पालथं ठेवा, त्यानं मान आणि खांदे बळकट होतात. मावशींच्या नडगीवर हा व्यायाम रोज सकाळी होतच होता. फक्त नाकात-कानात तेल सोडू नका, बाळाची छाती पिळू नका. नवजात बाळाच्या, मुलग्याच्यासुद्धा, छातीला गाठीसारखी सूज येते. ती आईच्या संप्रेरकांमुळे येते आणि आपोआप जाते. पिळली तर गळू होतं. आणि झोपवताना कायम उताणं.

टाळू तेलानं भरत नाही, हेही इथेच सांगून टाकते. वरून तेल घालायला माझी हरकत नाही, पण टाळू बंद होते ती हाडं वाढून, साधारण दीड वर्षापर्यंत. ती उघडी असते कारण आतला मेंदू अजून भराभर वाढतोय. किती भराभर? जन्मताना डोक्याचा घेर 34 सेंटिमीटरच्या आसपास असतो, सहा महिन्यांत तो 42-43 होतो. म्हणजे आठ-नऊ सेंटिमीटर. पहिल्या वाढदिवसापासून थेट मोठं माणूस होईपर्यंत डोकं जेमतेम तेवढंच किंवा त्याहून थोडंसंच जास्त वाढतं. म्हणून माझ्याकडे आलात की मी वजनाआधी टेप काढते.

मेंदू वाढतो तसा शरीराचा ताबा वरून खाली येतो. आधी नजर, मग मान, मग पाठ, मग कंबर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ मान धरतं. पुढे कुशीवर वळतं, पालथं पडतं, सहाव्याच्या आसपास आधारानं बसतं. हा क्रम मोडून कुणाला घाई करता येत नाही. उशा लावून चौथ्या महिन्यात बसवलं म्हणून बाळ लवकर बसायला शिकत नाही.

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो दुसरा महिना. जन्मलेल्या बाळाला लांबचं दिसत नाही, वीत-सव्वा वीतभर अंतरावरचं त्यातल्या त्यात बरं दिसतं. आणि दूध पिताना आईचा चेहरा बरोबर तेवढ्याच अंतरावर असतो. सहा ते आठ आठवड्यांत एक दिवस बाळ त्या चेहऱ्याकडे बघून हसतं. झोपेतलं हसू वेगळं, सटवाई हसवते म्हणतो ते. हे हसू तुम्हाला दिलेलं असतं. मी तपासताना आधी गप्प बसते, चेहरा जवळ नेते, "काय गं सोनू" म्हणते, आणि थांबते. थांबणं महत्त्वाचं. बाळाला उत्तर जुळवायला वेळ लागतो. आधी भुवया वर जातात, पाय हलायला लागतात, ओठांचा चंबू होतो, आणि मग "आं-गूं" असा हुंकार येतो. आपण मध्येच बोललो तर त्याची पाळी हुकते. या देवाणघेवाणीतून भाषा येते. महागड्या खेळण्यांची गरज नाही. पाजताना एका हातात मोबाईल असेल तर बाळ वर बघतं, चेहरा दुसरीकडे असतो, आणि थोड्या वेळानं ते बघायचं सोडून देतं. दिवसभर थकलेल्या आईला मी बोल लावत नाही. निदान दिवसातली दोन पाजणी तरी त्याच्याकडे बघून करा, एवढीच विनंती.

"मुलाचे पाय पाळण्यात दिसतात" ही म्हण मी थोड्या वेगळ्या अर्थानं मानते. पाळण्यात अडचणीही दिसतात, आणि लवकर दिसल्या तर खूप काही करता येतं. तीन महिन्यांचं होऊनही बाळ माणसाकडे बघून हसत नाही, आवाजाला दचकत नाही, चौथा संपला तरी मान धरत नाही, मुठी सतत घट्ट आवळलेल्या राहतात, एकच हात किंवा एकच पाय हलतो, तर "आमच्याकडे सगळे उशिराच" म्हणून थांबू नका. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं वय मात्र ठरलेल्या तारखेपासून मोजायचं. दोन महिने आधी आलेलं बाळ चार महिन्यांचं असेल तर त्याच्याकडून दोन महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा ठेवायची. अशा बारक्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी तासन्‌तास बांधून ठेवण्याची रीत 1978 च्या सुमारास कोलंबियात, बोगोटात सुरू झाली. इन्क्युबेटर कमी पडत होते म्हणून शोधलेला हा मार्ग आज जगभर आहे. बाबांनीही करायची गोष्ट आहे ती.

जमलेल्या आशाताईंकडे बघून मला गडचिरोलीची आठवण येते. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 1995 ते 1998 या काळात तिथल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. घरी जाऊन बाळाला झोळीच्या काट्यावर तोलायचं, ताप बघायचा, ऊब द्यायची, पाजायला मदत करायची, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायचे. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, आणि 2011 पासून देशभरच्या आशा तसंच घरोघरी जाऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई तुमच्या दारात येतात. त्यांना दारातून परत पाठवू नका. ओल्या बाळंतिणीला बाहेरच्याची सावली नको म्हणून त्यांना ओसरीवरच थांबवलेलं मी पाहिलं आहे. काटा त्यांच्या पिशवीत असतो आणि बाळ आतल्या खोलीत. त्या भेटीत बाळ काट्यावर चढलंच नाही तर भेट वाया जाते.

आता मी बोलणं थांबवते. काटा या टेबलावर ठेवलाय, शून्यावर आणलाय. ज्यांनी कार्ड आणलंय त्यांनी रांगेनं या. बाळाचे कपडे, लंगोट सगळं काढा, पंखा बंद केलाय. वजन मी सांगेन, पण कार्डावरचा ठिपका तुम्ही स्वतः काढायचा. आजी, तुम्हीही या, पेन्सिल इथे आहे.