दुसऱ्या आवृत्तीच्या प्रतीक्षेत

[दृश्य : मोबाइलवर उघडलेली एका मराठी कादंबरीची पीडीएफ. पुस्तकाचे, लेखकाचे व ग्रंथालयाचे नाव झाकलेले.]

आपण पाहत आहात ती फाईल कुणीतरी मोबाइलमधल्या स्कॅनर ॲपने, एकेक पान उलटून तयार केलेली आहे. पानाच्या कोपऱ्यात पुस्तक दाबून धरणाऱ्या अंगठ्याचे टोक आले आहे, शिवणीकडच्या ओळी वाकल्या आहेत आणि शीर्षकपानावर एका सार्वजनिक ग्रंथालयाचा जांभळा शिक्का व दाखल क्रमांक स्पष्ट दिसतो. त्याच्या मागच्या पानावर सर्व हक्क सुरक्षित असल्याची सूचना आहे. ते पानही फाईलमध्ये आहे. फाईल ज्याने पसरवली त्याने प्रत्येक पानावर तिरप्या अक्षरांत आपल्या चॅनेलचे नाव छापले आहे, आणि लेखकाच्या नावापेक्षा ते ठळक आहे.

अशी फाईल एकदा बाहेर पडली की तिला आवर घालणे कठीण असते. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ सदस्य असू शकतात, टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये दोन लाख, आणि टेलिग्रामच्या चॅनेलला सदस्यसंख्येची मर्यादाच नाही. कोल्हापुरातही साहित्यावर मनापासून प्रेम करणारी माणसे अशा ग्रुपमध्ये आहेत. नव्या कादंबरीचा विषय निघाला की अभिप्रायाच्या आधी ‘पीडीएफ आहे का कुणाकडे?’ हा प्रश्न येतो, थोड्या वेळाने कुणीतरी फाईल टाकते आणि खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते. यात कुणाचाही हेतू वाईट नसतो. देणाऱ्याला आपण वाचनसंस्कृतीची सेवा करतो आहोत असे वाटते, आणि म्हणूनच हा प्रश्न केवळ पोलिसांवर सोपवून सुटणारा नाही.

[दृश्य : छापखाना. कागदाचे गठ्ठे, बांधणीचे टेबल.]

मराठी पुस्तकाचे अर्थकारण फार मोठ्या आकड्यांचे नाही. एक उदाहरण घेऊ. पुस्तकाची किंमत ३०० रुपये आहे, आवृत्ती ५०० प्रतींची आहे आणि मानधनाचा करार छापील किमतीच्या दहा टक्क्यांचा आहे, असे धरले तर सगळ्या प्रती विकल्या गेल्यावर लेखकाच्या हाती १५,००० रुपये येतात. दोन-तीन वर्षे खपून लिहिलेल्या कादंबरीचे हे मोल आहे, तेही शेवटची प्रत खपल्यावर. प्रकाशकाने अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कागद, छपाई आणि बांधणी यांचा खर्च आधीच केलेला असतो, विक्रेत्याची सूट वेगळी, आणि न विकल्या गेलेल्या प्रतींना गोदामाचे भाडे द्यावे लागते ते आणखी वेगळे.

पहिल्या आवृत्तीत खर्च निघाला तरी पुष्कळ झाले, अशी स्थिती असते. प्रकाशकाला खरा आधार मिळतो तो दुसऱ्या आवृत्तीतून, कारण तेव्हा अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठाचा खर्च पुन्हा करावा लागत नाही. ही दुसरी आवृत्ती संथ विक्रीवर उभी राहते. कुणी वाढदिवसाला भेट म्हणून एक प्रत नेतो, कुणी मित्राने सांगितले म्हणून, तर एखादे महाविद्यालय पाच प्रती मागवते. फुकटची फाईल नेमकी हीच विक्री खाते. फाईल उतरवून घेणारा प्रत्येक जण एरवी पुस्तक विकत घेणारच होता असे आमचे म्हणणे नाही, तसे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण हजार सदस्यांच्या एका ग्रुपमधील दहांपैकी एकानेच ते विकत घेतले असते असे धरले, तरी शंभर प्रती होतात. पाचशेच्या आवृत्तीत शंभर प्रती म्हणजे पाचवा हिस्सा. लाखांनी खपणाऱ्या इंग्रजी पुस्तकाला हा फटका सोसवतो. मराठी पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार की नाही, हे मात्र एवढ्यावरच ठरते. आणि दुसरी आवृत्ती निघाली नाही की पुढच्या नव्या लेखकाचे हस्तलिखित, मग तो चंदगडचा असो की गडहिंग्लजचा, ‘सध्या शक्य नाही’ असा शेरा घेऊन परत जाते.

[दृश्य : करवीर नगर वाचन मंदिर. देवघेव विभाग.]

‘ग्रंथालयातही आम्ही फुकटच वाचतो, मग पीडीएफमध्ये वेगळे काय?’ असे विचारले जाते. प्रश्न गंभीर आहे आणि त्याचे उत्तर या वास्तूत मिळते. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. येथील प्रत्येक पुस्तक कुणीतरी विकत घेतलेले किंवा देणगी दिलेले आहे, एका वेळी ते एकाच वाचकाच्या घरी असते, आणि वाचून वाचून खिळखिळे झाले की नवी प्रत घ्यावी लागते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळते, त्यातून पुस्तकखरेदी होते आणि मराठी प्रकाशनाचा मोठा भार ही खरेदी वाहते. म्हणजे ग्रंथालय हा प्रकाशकाचा गिऱ्हाईक आहे. त्याच ग्रंथालयाचा शिक्का असलेली प्रत स्कॅन करून वाटणे हा लेखकाइतकाच ग्रंथालयावरही अन्याय आहे.

हक्क कायमचे नसतात, हेही येथे सांगितले पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतरच्या वर्षापासून पुढे साठ वर्षे हक्क राहतात. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवणारे कवी माधव जूलियन १९३९ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता आज कुणीही छापाव्यात, टंकित कराव्यात, मराठी विकिस्रोत या इंटरनेटवरील मुक्त ग्रंथसंग्रहावर चढवाव्यात. येथेच स्थायिक झालेले, ज्ञानपीठ पुरस्काराचे पहिले मराठी मानकरी वि. स. खांडेकर यांचे निधन १९७६ चे, त्यामुळे त्यांच्या साहित्याचे हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत सुरक्षित आहेत. शिवाजी सावंतांच्या बाबतीत ही मुदत २०६२ अखेरपर्यंत जाते. साठ वर्षे फार झाली असे कुणाला वाटत असेल तर त्यावर चर्चा जरूर व्हावी, पण सर्रास वाटल्या जाणाऱ्या फाईलींमध्ये हयात लेखकांची पुस्तके असतात आणि त्यांच्या बाबतीत हा वादच उद्भवत नाही.

[दृश्य : राजारामपुरीतील अभ्यासिका. रात्रीची वेळ.]

स्पर्धा परीक्षांची पुस्तके हा या व्यवहाराचा सर्वांत मोठा भाग असावा. राधानगरी, शाहूवाडीहून येऊन खोली करून राहणाऱ्या मुलाला मेसचे आणि अभ्यासिकेचे पैसे भागवून पुस्तकांचा पूर्ण संच घेणे जड जाते, आणि त्याच्याकडे बोट दाखवणे आम्हाला योग्य वाटत नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी पुस्तकातील काही भाग उतरवून घेण्यास कायद्याचीही आडकाठी नाही. प्रश्न आहे तो संपूर्ण पुस्तक हजारोंना वाटणाऱ्यांचा, आणि त्यावर पैसे कमावणाऱ्यांचा. परीक्षार्थींसाठी लिहिणाऱ्या एका लेखिकेच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २०२२ रोजी टेलिग्रामला अशा चॅनेल चालवणाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक आणि अन्य तपशील न्यायालयासमोर उघड करण्याचा आदेश दिला. आमचे सर्व्हर परदेशात आहेत हा कंपनीचा बचाव टिकला नाही.

कायद्यात तरतुदी आहेत. लेखकाची लेखी तक्रार पोचल्यापासून ३६ तासांत संकेतस्थळाने ती फाईल बंद करायची असते, पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती पुन्हा सुरू करता येते. दावा लेखकाला आपल्या राहत्या गावच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि असा गुन्हा दखलपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही वर्षाला पंधरा हजार न मिळवणारा लेखक वकिलाची फी कोठून देणार? लेखक-प्रकाशकांच्या संघटनांनी एकत्रितपणे तक्रारी चालवल्या, तरच या तरतुदींचा त्याला काही उपयोग होईल.

[दृश्य : पुस्तकाचे दुकान. विक्रेता पुस्तक शोधतो आणि मान हलवतो.]

वाचकाचीही एक तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. पुस्तक मागायला गेले की ‘आवृत्ती संपली’ हे उत्तर मिळते, पुढची कधी येणार ते कुणी सांगत नाही, आणि अधिकृत ई-बुक नसते. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ पासून वाचता येतात, मराठी ई-बुके विकणारी संकेतस्थळे आहेत, मागणीनुसार शंभर-पन्नास प्रती छापून देणारे छापखाने आहेत. तरीही असंख्य चांगली पुस्तके केवळ करार जुने आहेत आणि वारसांशी बोलणे राहून गेले आहे म्हणून अडकून पडली आहेत. दृष्टिहीन वाचकांसाठी ध्वनिरूप किंवा ब्रेल प्रत तयार करण्यास कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने परवानगीची गरजही ठेवलेली नाही, तिचाही उपयोग फारसा होताना दिसत नाही. ज्या पुस्तकाची अधिकृत प्रत मिळतच नाही त्याची चोरी थांबवण्याचे आवाहन वाचकाला पटत नाही, म्हणून संपलेल्या आवृत्त्यांची यादी काढून त्यांची ई-आवृत्ती परवडणाऱ्या किमतीत उपलब्ध करण्याचे काम प्रकाशकांनी प्रथम हाती घ्यावे, आणि कोल्हापूरच्या प्रकाशकांनी त्याची सुरुवात स्वतःच्या सूचीपासून करावी, अशी आमची त्यांना विनंती आहे.